नवरा-बायको दोघांनीच जंगलात टेंटमध्ये राहायचंय, कोकणात कुठे जमेल?

भाट्याची_वाळू

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत राहते. नवरा बोटीवर इंजिन रूमला फिटर आहे, सात-आठ महिने बाहेर आणि दोन-अडीच महिने घरी असं आमचं चालू असतं. जानेवारीत तो येतोय आणि फेब्रुवारीत आमच्या लग्नाला ५ वर्षं होतील. घरात आम्ही नऊ माणसं, सगळी मायेची आहेत, कोणाबद्दल तक्रार नाही, पण तो आला की पहिले १५ दिवस पाहुणे, मग कोणाचं तरी लग्न, मग गावच्या घरी सत्यनारायण, असं करता करता आम्ही दोघं जरा निवांत बोलायला बसतोय तोवर त्याची बॅग भरायची वेळ येते. यावेळी मी ठरवलंय की दोन रात्री फक्त आमच्या.

हॉटेल नकोय, आणि बीच तर मुळीच नको कारण पाणी तो वर्षभर बघतोच. मागच्या महिन्यात फोनवर त्यानेच सांगितलं की मला झाडं बघायचीत. ऑनलाइन दोन माणसांचा टेंट पण मागवला त्याने, तो बॉक्स माझ्या कपाटावर येऊन पडलाय. रानाची मला सवय आहे, लहानपणी माहेरी काजीच्या (काजूच्या) राखणीला आजोबांबरोबर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत झोपायचे मी, पण टेंटमध्ये कधी राहिले नाहीये.

तर विचारायचं असं की नॅशनल पार्कमध्ये आपला टेंट लावून राहू देतात का? मॅपवर चांदोली आम्हाला जवळ दिसतंय. दोघंच असलो तर सेफ आहे का? सासूबाईंना बिबट्याचं काही नाही, जनावराची भीती जास्त वाटतेय, लांबड्या जनावराची. बरोबर काय काय न्यावं तेही सांगा.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, पहिलं म्हणजे टेंटचा बॉक्स चांदोलीला नेऊ नका. तसल्या राष्ट्रीय उद्यानात स्वतःचा तंबू ठोकून राहता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत जायलाच परवानगी लागते, आणि आत गेल्यावर वनखातं सांगेल त्या रस्त्याने, त्या वेळेत फिरायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. चांदोली २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१० ला कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, म्हणजे ते आता वाघाचं घर म्हणून राखलेलं जंगल आहे. तिथली गावं उठवून बाहेर वसवलीत, लोकांनी आपली घरं, देवळं, शेतं सोडलीयत त्या जंगलासाठी, त्यामुळे तिथे एका रात्रीच्या हौसेसाठी नियम वाकवायचा विचार माझ्या मनाला तरी पटत नाही.

मॅपवर जवळ दिसतं पण आपल्या कोकणातून आत गाडीरस्ता नाही. संगमेश्वर तालुक्यातलं शृंगारपूर अगदी पायथ्याला आहे, तिथून प्रचितगडाची वाट वर चढते, शेवटी लोखंडी शिडी आहे. मी तो गड दोनदा केलाय, वरून एका बाजूला शास्त्री नदीचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला नजर जाईल तिथवर नुसतं रान, घर नाही, दिवा नाही, असं दृश्य कोकणात दुसरीकडे मी बघितलेलं नाही. पण तो भाग पण उद्यानाला लागून, परवानगी घ्या, गावातला वाटाड्या घ्या आणि त्याच दिवशी उतरा. गाडीने चांदोली बघायचं तर आंबा घाट चढून कोकरूड-आरळा करत वारणावतीला जावं लागतं, राहायचं बाहेर आणि दिवसा सफारी.

तुम्हाला रात्र रानात काढायचीय तर अभयारण्याकडे बघा. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यात फरक आहे, उद्यानात गुरं चारायला पण बंदी असते, अभयारण्यात काही हक्क राहतात आणि काही ठिकाणी वनखात्याने स्वतः राहायची सोय केलेली असते. कोकणात माझ्या मते मुरूडजवळचं फणसाड. मुरूडचं कोणीतरी इथे आहे बघा, ते नीट सांगतील.

---

काजीची_बाग

सोय वगैरे बाकीचे सांगतील, मला एकच सांगायचंय. चूल पेटवू नका. शेकोटी पण नको.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) कोणीतरी राहून गेलं, मुलं होती की जोडपं होतं ते कळलं नाही, तीन दगड, अर्धी जळालेली लाकडं आणि मॅगीची पाकिटं तेवढी सापडली. निखाऱ्यावर त्यांनी माती टाकली होती पण पाणी नाही. दुपारी खारा वारा सुटला आणि सड्यावरचं वाळलं गवत धरलं. आम्ही ओल्या फांद्या घेऊन धावलो, सगळी वाडी धावली, तरी ६० कलमं गेली. वेंगुर्ल्याची काजूची कलमं, सात वर्षांची, मोहोर धरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर मोहोर झाडावर तसाच होता, फक्त काळा. हात लावला की राख व्हायचा. माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात जाणं सोडलंय.

तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या लिहिण्यावरून समजतंय, तरी लिहितो कारण हे वाचणारे बाकीचे पण असतील. अभयारण्यात तर आग पेटवणं हा गुन्हाच आहे. बाहेर पण नको. घरून भाकऱ्या न्या, थर्मासमध्ये चहा न्या, एक रात्र काही होत नाही.

---

मुरूडची_मावशी

अगं ये की आमच्याकडे! फणसाड म्हणजे आमच्या मागचं अंगण.

पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, म्हणून टिकलं, १९८६ ला अभयारण्य झालं. एका बाजूला काशीद-मुरूडचा समुद्र आणि चढून गेलं की हे रान, दोन्ही इतकं जवळ आहे की वरच्या एखाद्या माळावरून झाडांच्या शेंड्यांवर पाण्याची निळी रेघ दिसते. सुपेगावला वनखात्याचा कॅम्प आहे, राहायची सोय तिथेच, त्यामुळे तुमचा टेंट त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. निघायच्या आधी वनखात्याला फोन करून बुकिंग, जेवण, गाईड तिन्ही पक्कं करा कारण २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे फार पडझड झाली, जुनी जुनी झाडं मुळासकट गेली, तेव्हापासून मी कोणालाही विचारल्याशिवाय पाठवत नाही.

आत काय बघाल तर शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार. आपला राज्यप्राणी. हमखास दिसतो असं मी म्हणणार नाही पण आवाज हमखास येतो, सकाळी कोणी तरी झाडावर बसून खडखडा ओरडतंय असं वाटलं की मान वर करायची आणि हलायचं नाही. एकच शेकरू काटक्यांची चार-पाच घरटी बांधून ठेवतो, ती उंच शेंड्यावर गोळ्यासारखी दिसतात. भेकर आहे, सांबर आहे, पिसोरी (इवलंसं उंदीरहरीण) आहे पण ती दिसायला नशीब लागतं, बिबट्याचे ठसे दिसतील. गारंबीचा वेल बघा, माणसाच्या मांडीएवढा जाड होतो आणि या झाडावरून त्या झाडावर कुठच्या कुठे जातो. आणि पाणवठ्यांना आमच्याकडे गाण म्हणतात, चिखलगाण, धरणगाण अशी नावं ऐकाल. गाईडला सांग एखाद्या गाणीजवळ थोडा वेळ गप्प बसव म्हणून.

खाजकुयली मात्र सांभाळ बाई. जानेवारी-फेब्रुवारीत तिच्या शेंगा वाळतात, सोनेरी-तपकिरी मखमलीसारख्या दिसतात, हात लावावासा वाटतो. लावू नको. वाऱ्याने कुसं उडून अंगाला लागली तरी आग होते. लागलीच तर चोळायचं नाही, सेलोटेप चिकटवून हळूच उचलायची, मग धुवायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला.

येताना कसं येणार? बाइक असेल तर हायवेने नका येऊ.

---

भाट्याची_वाळू

मावशी, वाचून डोळ्यांत पाणी आलं, इतकं आपुलकीने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. हो बाइकच आहे. काजीची_बाग दादा, माहेरची बाग आमची पण वणव्यात गेलीय एकदा, मी चूल पेटवणार नाही, शब्द देते.

हायवेने नाही तर कसं यायचं?

---

तरीवरचा_माणूस

किनाऱ्याने. जयगडला फेरीबोटीत बाइक चढवा, तवसाळला उतरा, गुहागर करून धोपाव्याला या, तिथून दाभोळ. मग दापोली, केळशी, वेसवी आणि तिथून बागमांडला. श्रीवर्धनला रात्र काढा. दुसऱ्या दिवशी दिघीहून आगरदांडा, मग मुरूड आलंच. चार खाड्या, चार फेरीबोटी. एका दिवसात रेटू नका, शेवटच्या फेऱ्यांच्या वेळा विचारून ठेवा नाहीतर खाडीच्या अलीकडे अडकाल.

---

जांभ्या_दगड

टेंट नवीन आहे ना, मग घराजवळ एकदा उभा करून बघा आणि तेही सड्यावर नाही. आपल्या जांभ्याच्या कातळात खुंटी शिरत नाही, ठोकत बसलात तर खुंटी वाकते. तिथे दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात. दुसरं म्हणजे थंडीत लोक टेंट गच्च बंद करतात आणि पहाटे आतून टपटप पाणी गळायला लागतं, ते दव नाही, आपल्याच श्वासाची वाफ असते. जाळीची खिडकी उघडी ठेवा, जाळीची चेन मात्र पक्की बंद.

आणि फेब्रुवारीत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर रात्री वाटेत थांबायचा मोह झाला तर वाळूत टेंट आणि टॉर्च नको. कासवांचा सीझन असतो तो. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात. वेळासला २००२ पासून लोकांनी राबून ती अंडी वाचवलीयत.

---

पीएचसीतली_सिस्टर

सासूबाईंची काळजी मला समजते, त्यांना हे वाचून दाखवा.

जनावर मुद्दाम माणसाच्या मागे येत नाही. मी रायगड जिल्ह्यात बरीच वर्षं काम केलंय, बहुतेक केसेस अंधारात अनवाणी चालताना किंवा पाचोळ्यात, लाकडात हात घालताना झालेल्या बघितल्यात. फक्त मण्यार वेगळी, ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, कधी खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, उलटी होतेय, पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तर पित्त समजून थांबायचं नाही. म्हणून टेंटची चेन. दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी चेन लावून जा. लघवीला उठलात तर बॅटरी घ्या आणि बूट घाला, घालायच्या आधी बूट उलटा करून आपटा कारण कोकणातला लाल विंचू बुटात शिरून बसतो आणि त्याचं विष थेट हृदयावर जातं. पूर्वी लहान मुलं दगावायची त्याने. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन गोळीचा उपाय शोधून काढला तेव्हापासून कितीतरी जीव वाचलेत, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. तरी विंचू चावला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात न्या.

काही चावलंच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन, आणि सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे कोणतं होतं ते बघायला त्याच्या मागे धावायची गरज नसते. आत रेंज कुठे येते ते पोचल्या पोचल्या गाईडला विचारून ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे, रात्री शोधायला लागू नये.

तुम्ही जा. एवढं पाळलं तर रान आपल्या घरामागच्या परसापेक्षा जास्त धोक्याचं नाही, हे मी मनापासून सांगतेय.

---

भाट्याची_वाळू

मंडळी, जाऊन आलो! काल रात्री पोचलो, आज भांडी-धुणी आटपून पहिलं काम हे लिहायचं केलं.

चारही फेरीबोटी केल्या. दाभोळच्या खाडीत मी कठड्याला धरून पाणी बघत होते आणि हा डेकवर डोळे मिटून उभा, म्हटलं काय झालं, तर म्हणाला इंजिन ऐकतोय, एकदा कानात बसलं की जात नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा बोटीवर कशात राहतो ते, पाच वर्षांत मी विचारलंच नव्हतं, म्हणजे पगार, जेवण, तब्येत सगळं विचारते पण आवाजाचं कधी डोक्यात आलं नाही.

श्रीवर्धनला रात्र काढून दुसऱ्या दिवशी सुपेगाव. मावशींनी सांगितल्याप्रमाणे सगळं फोनवर पक्कं केलं होतं, गाईड म्हणून गावातलेच एक काका होते. आमचा टेंट काढलाच नाही, तिथल्याच तंबूत राहिलो. संध्याकाळी काकांनी एका गाणीजवळ नेऊन बसवलं, म्हणाले आता बोलायचं नाही. पाणी थोडंच होतं, वर पानं तरंगत होती, कडेच्या चिखलात खुरांचे ठसे इतके ताजे की त्यात पाणी झिरपत होतं. अर्धा-पाऊण तास काही आलं नाही, एक धनेश तेवढा पंखांचा आवाज करत वरून गेला, पण इतका वेळ आम्ही दोघं एकमेकांशेजारी न बोलता, मोबाइल न बघता कधी बसलोय तेच आठवेना.

रात्री दोघांनी हेडलॅम्प लावले तर जमिनीवर सगळीकडे हिरवट ठिपके चमकत होते, मला दव वाटलं. काका म्हणाले वाकून बघा. प्रत्येक ठिपका म्हणजे कोळ्याचे डोळे! एवढेएवढेसे कोळी, पाचोळ्यात बसलेले, आणि आपण त्यांच्यातून पाय टाकत चाललोय. त्यानंतर मी पाऊल जपूनच टाकलं.

झोप मात्र त्याला येईना. साडेबारा-एकला उठून बसला, म्हणाला फार शांत आहे, मला सवय नाही, छातीत काहीतरी होतंय. मी घाबरले, पण दुखत वगैरे नव्हतं, नुसतं ते शांत सहन होईना. मग आम्ही बोलत बसलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही पण पाच वर्षांचं बोललो. मधेच बाहेर धप्प झालं. मग जरा वेळाने परत धप्प. वाळल्या पाचोळ्यावर कोणीतरी एकेक पाऊल टाकत येतंय असं. आम्ही एकमेकांचा हात धरून गप्प. बऱ्याच वेळाने पहाटेचा मतलई वारा सुटला, पानं सळसळायला लागली आणि त्या आवाजावर हा लहान पोरासारखा झोपला, मी जागीच.

उजाडल्यावर चेन उघडली तर तंबूसमोर सावरीची लाल फुलं पडलेली, जाडजूड, तळहाताएवढी. वर बघितलं तर झाडाला पान नाही, नुसती फुलं. रात्रभर तीच पडत होती. आणि साधारण वीस पावलांवर एक भेकर मान खाली घालून ती फुलं खात होतं. एक पाकळी त्याच्या तोंडाबाहेर लोंबत होती. मी ह्याला हलवून उठवलं, आवाज न करता, आणि आम्ही दोघांनी जाळीतून ते बघितलं. मोबाइल हाताशी होता पण उचलला नाही, उचलला असता तर ते पळालं असतं. मग शेकरूचा खडखडाट सुरू झाला आणि भेकर गेलं. शेकरू पण दिसला, मागचे पाय फांदीला धरून उलटा लोंबत खात होता.

चूल पेटवली नाही, काजीची_बाग दादा. पहाटेचा चहा थर्मासचाच घेतला.

---

काजीची_बाग

वाचलं. वडिलांना पण वाचून दाखवलं. थँक यू ताई.

---

मुरूडची_मावशी

किती छान लिहिलंस गं. आणि माझ्याकडे जेवायला न येता गेलात ते मी लक्षात ठेवलंय. खाजकुयली लागली नाही ना?

---

भाट्याची_वाळू

लागली मावशी, मला नाही, त्याला. मनगटावर. सेलोटेप नेला होता म्हणून वाचलो, चोळू दिलं नाही त्याला, दोन तासांत उतरलं.

एक विचारायचं होतं. काका सांगत होते की बुद्धपौर्णिमेला रात्रभर मचाणावर बसवून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात, त्यात आपल्यासारख्यांना पण घेतात. तेव्हा हा बोटीवर असेल. मी एकटी येऊ शकते का? रात्री काय काय आलं ते सगळं लिहून त्याला पाठवायचंय.

---

मुरूडची_मावशी

ये. वनखात्याकडे आधीपासून नाव द्यावं लागतं, जागा कमी असतात म्हणून एप्रिलमध्येच विचारायला लाग. दुसरी एखादी बाई सोबत मागून घे, मचाणावर दोघी बसा. रात्रभर टेकायला काही नसतं, पाठीला उशी आण. पाणी आण, अत्तर-पावडर काही लावू नको, भडक कपडे नको. आणि आदल्या दिवशी माझ्याकडे उतरायचं, यावेळी जेवल्याशिवाय सोडणार नाही.